वाचक विचारतात: बडोद्यात बसून समुद्री किड्यांवर पीएचडी?

प्रश्न: ताई नमस्कार, माझी मुलगी इथेच युनिव्हर्सिटीत झूलॉजीत एमएससी करतेय. आम्हाला वाटलं बीएड करेल नाहीतर फार्मा कंपनीत लागेल, पण आता म्हणते समुद्रातल्या किड्यांवर पीएचडी करायची. बडोद्याला कुठे आलाय समुद्र? हिला पोहता येत नाही, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि ह्यांचं म्हणणं की यात पैसा नाही. कसं समजवू तिला? (एक आई, दांडिया बाजार)

उत्तर: ताई, तिला समजवायचं नंतर बघू, आधी तुम्हालाच थोडं सांगते.

समुद्र लांब आहे खरा, पण बडोद्याचं आणि ह्या विषयाचं नातं जुनं आहे बरं का. द्वारकेकडचं ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं, आणि सयाजीरावांच्या काळात जेम्स हॉर्नेल नावाच्या शास्त्रज्ञाने तिथल्या समुद्री जीवांवर बडोदा सरकारसाठी रिपोर्ट केला, तो १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत छापलाय. त्यामुळे मुलीने काही जगावेगळं काढलंय असं नाही. आपण कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जाऊन देवमाशाचा सांगाडा बघून येतो, पण समुद्रातले बहुतेक प्राणी बिनहाडांचे, त्यांचा असा हाडांचा सांगाडाच नाही तर बघणार कोण?

पोहण्याचं टेन्शन सोडा. खोल पाण्यात डायव्हिंग करणारे वेगळे, किनाऱ्यावर काम करणारे ओहोटीला चालत जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं, म्हणून ट्रिप ठरवायची ती कॅलेंडर बघून, मग पहाट असो की भर दुपार. जामनगरजवळ नरारा आहे, १९८२ साली झालेल्या मरीन नॅशनल पार्कचा भाग, तिथे ओहोटीला पायी जाऊन प्रवाळ, ऑक्टोपस, खेकडे सगळं बघता येतं, मात्र परमिट लागतं. तिथे दोरी टाकून ठरावीक अंतरावर चौकट ठेवायची आणि त्या चौकटीत कोण कोण किती आहे ते मोजायचं, गुडघे चिखलात आणि डोक्यावर ऊन, बस. पाणी परत चढायच्या आत निघायचं, कारण तिथे भरती कुणासाठी थांबत नाही.

पण हा झाला फोटो काढण्यासारखा भाग, खरी नोकरी मायक्रोस्कोपखाली असते. समुद्री अळी ओळखायची तर तिच्या अंगावरचे केस बघावे लागतात, स्पंज ओळखायचा तर त्याचा तुकडा ब्लीचमध्ये विरघळवून आतल्या बारीक काचेसारख्या सुया बघायच्या, एकाच नमुन्यावर दिवस जातो आणि शेवटी कळतं की आधीच्याने नाव चुकीचं दिलं होतं. तुमच्या मुलीला ह्याचा कंटाळा येतो का एवढं विचारा, मला तर हाच खरा प्रश्न वाटतो, समुद्र आवडतो का हा नाही. डीएनए टेस्ट आली म्हणून हे काम संपलं असं पण नाही, डीएनएला नाव चिकटवायला आधी प्राणी ओळखणारा माणूस लागतोच, आणि तशी माणसं कमी आहेत.

अंड्यावरून आठवलं. नमुने मारावे लागतात, हे तिला आत्ताच माहीत असू दे. आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात बधीर करतात, मग अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मेलिनमध्ये ठेवलं की डीएनए खराब होतो. शाकाहारी घरातली मुलं हे करतात, काहींना जमत नाही, न जमणं यात काही कमीपणा नाही, फोटो आणि मोजणीवरही काम होतं.

आता पैसा. नेट परीक्षा देऊन जेआरएफ (म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं भत्ता. जेआरएफ नसेल तर ओढाताण होते, खोटं कशाला बोलू. पुढे नोकरीला गोव्याची एनआयओ (समुद्रविज्ञान संस्था), कोचीची सीएमएफआरआय (समुद्री मासेमारीवर संशोधन करणारी संस्था), प्राण्यांची नोंद ठेवणारं सरकारी झूलॉजिकल सर्व्हे, कॉलेजात शिकवणं, किंवा बंदर-प्रोजेक्टसाठी पर्यावरण रिपोर्ट करणाऱ्या कंपन्या. जागा थोड्या, वाट बघावी लागते, लग्नाचं स्थळ विचारायला आलं की "किड्यांवर काय?" हेही ऐकावं लागतं. गाइड निवडताना मात्र एक काम करा, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारा की फील्डचा खर्च प्रोजेक्टमधून मिळायचा की स्वतःच्या खिशातून. नाव कितीही मोठं असो, हे विचारल्याशिवाय फॉर्म भरू नका.

प्रश्न: शाळेची ट्रिप नराऱ्याला जातेय. तारामासा बाटलीत घालून आणला तर चालेल का? (इयत्ता नववी, रावपुरा)

उत्तर: अजिबात नाही रे. नॅशनल पार्क आहे, रिकामा शिंपलासुद्धा उचलायचा नाही. शेजारी पेन ठेवून फोटो काढ म्हणजे आकार कळेल, तारीख-जागा लिही, आयनॅचरलिस्ट अ‍ॅपवर टाक, शास्त्रज्ञ तिथले फोटो बघतात. आणि दगड उलटा केलास तर जसा होता तसाच परत ठेव, खालचे जीव उन्हात मरतात.