गोळी एकदा लागली की सुटत नाही ना?

बीपीची गोळी एकदा सुरू झाली की आयुष्यभर घ्यावी लागते, मग सुरूच कशाला करायची? खरं तर हे डॉक्टरांना विचारायचं. पण डॉक्टरांसमोर माणूस मान डोलावतो, चिठ्ठी घेतो, केमिस्टकडून गोळ्याही आणतो आणि पाकीट फ्रीजवर ठेवून देतो. मग कधीतरी घरातलं कोणी वैतागून त्याला आमच्याकडे घेऊन येतं. त्यात आमचं गाव ठाणे. ‘याला ठाण्याला भरती करा’ हा विनोद इथल्या मनोरुग्णालयामुळे महाराष्ट्रभर चालतो, त्यामुळे ठाणेकर समुपदेशकाचा जिना चढताना आधी मागे कोणी ओळखीचं नाही ना, ते बघतो.

पुढची हकीकत अशाच एका गृहस्थांची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ४७, घर घोडबंदर रोडला, नोकरी फोर्टला. ऑफिसातल्या आरोग्य शिबिरात बीपी १५८/९८ निघालं. फॅमिली डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशी बोलावून पुन्हा मोजलं, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि ईसीजी केला, चालायला आणि मीठ कमी करायला सांगितलं आणि गोळी लिहून दिली. गृहस्थांनी गोळी घेतली नाही. त्याऐवजी बीपी मोजायचं यंत्र विकत आणलं.

पत्नीने माझ्या टेबलावर एक वही ठेवली. पानंच्या पानं आकडे. जेवणाआधी, जेवणानंतर, साहेबांचा फोन येऊन गेल्यावर, मध्यरात्री लघवीला उठल्यावर. एका रात्री १० मिनिटांच्या अंतराने ओळीने नोंदी होत्या आणि शेवटच्या आकड्याभोवती गोल केला होता. मी विचारलं, हा गोल कसला? ते म्हणाले, “मॅडम, चांगला आकडा येईपर्यंत मोजत राहतो. आला की झोप लागते.”

या एका वाक्यात सगळा आजार होता, आणि तो बीपीचा नव्हता. भीती वाटली की नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, आकडा चढतो. चढलेला आकडा पाहून भीती आणखी वाढते. थोडं दमल्यावर, शांत झाल्यावर एखादा आकडा खाली येतो आणि तेवढाच ‘खरा’ मानून गोळी पुन्हा फ्रीजवर जाते. मोजल्यामुळे हायसं वाटतं म्हणून पुन्हा मोजावंसं वाटतं. यंत्राला दोष नाही. ते त्या क्षणाचा आकडा प्रामाणिकपणे दाखवतं, आणि दिवसभरात बीपी वर-खाली होणं हे कोणाचंही होतं.

“मोजणं बंद करा” असं मी सांगितलं नाही. तसं सांगून कोणी ऐकत नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना उपयोग होईल असं मोजू. त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून एक आठवडा ठरवला. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवणाच्या आधी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. त्याआधी लघवी करून यायचं, कारण भरलेल्या मूत्राशयानेही आकडा वाढतो. अर्धा तास आधी चहा, सिगारेट, जिना काही नाही. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता ५ मिनिटं नुसतं बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर टेकवून हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, टीव्हीवरच्या बातम्याही नाहीत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. इतर वेळी यंत्र कपाटात. मनगटाला बांधायची यंत्रं स्वस्त मिळतात म्हणून लोक घेतात, पण दंडावर बांधायचं घ्यावं आणि पट्टा आपल्या दंडाच्या मापाचा आहे ना ते बघावं. आखूड पट्टा आकडा फुगवून दाखवतो.

कपाटातलं यंत्र त्यांना पहिल्या रात्री अजिबात सहन झालं नाही. म्हणून आणखी एक ठरवलं : मोजावंसं वाटलं की १५ मिनिटं थांबायचं, गॅलरीत उभं राहायचं, वाटलं तर बायकोशी बोलायचं, पण बीपीबद्दल सोडून. ऊर्मी येते आणि उतरतेही, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

हे चालू असताना मी त्यांना विचारलं, “समजा उद्यापासून गोळी सुरू झाली, तर घरात नेमकं काय बदलेल?” मला वाटलं होतं ते किडनीबद्दल बोलतील. बहुतेक पुरुषांना ती भीती असते, आणि दुसरी जी असते ती ते बायकोसमोर बोलत नाहीत. हे म्हणाले, “माझी भाजी वेगळी होईल.”

त्यांचे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. त्यांना बीपी निघालं आणि घरात त्यांची अळणी भाजी वेगळ्या पातेलीत होऊ लागली. पाहुणे आले की आई आधी जाहीर करायची, त्यांना नका वाढू, त्यांना बीपी आहे. मग हळूहळू ‘बाबांना सांगू नका, बीपी वाढेल’ सुरू झालं. घराचा हप्ता थकला, सांगू नका. धाकटीचं लग्न मोडतंय, सांगू नका. ज्या माणसाला विचारल्याशिवाय घरात पंखा बदलला जात नव्हता, त्याला शेवटी शेजाऱ्यांकडून बातम्या कळायच्या. पुढे बरं वाटतंय म्हणून वडिलांनी स्वतःच गोळी सोडली आणि काही महिन्यांनी डावी बाजू गेली. मुलाच्या मनात मात्र क्रम बसला तो असा : गोळी, अळणी भाजी, अर्धांगवायू. मधली ‘गोळी सोडली’ ही पायरी त्यांना माहीत होती. पण ती त्यांनी कधी त्या ओळीत ठेवलीच नव्हती.

यानंतरचं काम मुख्यतः पत्नीबरोबर झालं. त्या हुशार आणि प्रेमळ बाई, आणि नेमक्या सासूच्या वाटेने निघाल्या होत्या. नवऱ्यासाठी वेगळी भाजी सुरूही झाली होती. मी म्हटलं, वेगळी नको, सगळ्यांचीच कमी मिठाची करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा थोडं कमी. त्यात भाजी-आमटीबरोबर लोणचं, पापड, फरसाण, पाव, इन्स्टंट नूडल्स सगळं धरायचं. ताटात डावीकडे मीठ वाढायची आपली पद्धत आहे. ती बंद करावी लागेल म्हटल्यावर त्यांना जरा लागलं, पण केली. बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, हेही सांगितलं. आणि ‘त्यांना सांगू नका’ हे वाक्य घरातून बाद.

आठवड्याची सरासरी आली १४६/९३. घरी मोजताना १३५/८५ आणि त्यापुढे सरासरी गेली तर बीपी जास्त धरतात. दवाखान्यातला आकडा १४०/९० असतो. काही जणांचं फक्त डॉक्टर समोर आले की वाढतं, घरी ठीक असतं. यांचं तसं नव्हतं. मला याचं थोडं वाईट वाटलं, पण त्यांना वाटलं नाही. “आता निदान एकच आकडा आहे,” ते म्हणाले.

ते वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. तिथे आणखी एक गोष्ट निघाली. लोकलमध्ये उभं राहून कंबर धरते म्हणून ते स्टेशनजवळच्या केमिस्टकडून वेदनाशामक गोळी घेत होते, आठवड्यातून बऱ्याचदा. अशा गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीवरही ताण येतो. बीपीच्या गोळीने किडनी जाईल म्हणून घाबरणारा माणूस ही गोळी चण्यासारखी खात होता. माझ्याकडे येणाऱ्यांत हे इतक्यांदा दिसतं की आता मी पहिल्याच भेटीत विचारते : चिठ्ठीशिवाय काय काय घेता? घोरता का, तेही विचारते. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं यानेही बीपी चढं राहतं.

आता मूळ प्रश्न. गोळी सुटते का? वजन उतरलं, मीठ-दारू कमी झाली, आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं झालं, तर काहींचा डोस डॉक्टर कमी करतात, क्वचित बंदही करतात. बऱ्याच जणांना ती पुढेही लागते. मी दोन्ही सांगते, कारण ‘सुटेल हो’ असं गोड बोलून सुरू केलेली गोळी तिसऱ्या महिन्यात बंद होते. गोळीची सवय लागत नाही. ती आपण होऊन थांबवली की दाब पुन्हा चढतो, आणि चढताना बहुतेकदा काहीच जाणवत नाही. गोळीने पावलं सुजली, कोरडा खोकला लागला, चक्कर आली, तर ते डॉक्टरांना सांगायचं. गोळी बदलता येते.

त्यांनी गोळी सुरू केली. यंत्र आता डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांतच बाहेर येतं, निदान पत्नी तसं सांगतात. एक चिठ्ठी मात्र आम्ही फ्रीजवर लावली : आकडा १८०/१२० च्या वर आला आणि त्रास काही नाही, तर ५ मिनिटं बसून पुन्हा मोजा, तेवढाच आला तर लगेच डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर आकड्याची वाट न बघता १०८ ला फोन करून रुग्णालय. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

शेवटच्या भेटीत मी पत्नीला विचारलं, तुमचं कधी मोजलंय? त्या हसल्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर नाही. मुलगा आता दहावीला आहे. तिशीनंतर बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आणि यंत्र तर त्यांच्याच कपाटात होतं. नवरा म्हणाला, “आज रात्रीच मोजतो.” मी म्हटलं, आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ, आणि गोल न करता.