संध्याकाळची मॅच, फुटलेली काच आणि वकिलाची नोटीस

प्रश्न : नाशिकच्या इंदिरानगर भागात आमचा हौशी क्रिकेट क्लब आहे, नोंदणी केलेली नाही. दर शनिवारी संध्याकाळी महापालिकेच्या मोकळ्या मैदानावर दिवे लावून सीझन बॉलने खेळतो. गेल्या महिन्यात एक षटकार शेजारच्या सोसायटीतल्या कारच्या पुढच्या काचेवर आदळला आणि तिथून उडून गाडीमालकाच्या वडिलांच्या मनगटाला लागला. एक्स-रेत हाडाला बारीक चीर निघाली. आता वकिलामार्फत नोटीस आली आहे : १ लाख ४० हजार रुपये द्या आणि १५ दिवसांत खेळ बंद करा. पोलीस ठाण्यातूनही फोन आला होता. मैदानाची परवानगी माजी नगरसेवकांनी तोंडीच दिलेली. मी क्लबचा सचिव आहे. माझ्यावर काय येऊ शकतं?

उत्तर : तुमचं लक्ष १ लाख ४० हजारांवर आहे, पण जास्त जड बाब मनगटाची आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणं किंवा सरकणं ही 'गंभीर दुखापत' ठरते, आणि बारीक चीर म्हणजेही फ्रॅक्चरच. हलगर्जीपणामुळे अशी दुखापत झाली तर कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र (पोलीस स्वतःहून नोंदवू शकतात असा) असला तरी जामीनपात्र आहे, त्यामुळे घाबरून गाव सोडू नका. अशा प्रकरणात पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची लेखी नोटीस देऊन बोलावतात. फोन आला तर नम्रपणे तीच नोटीस मागा, आणि ती मिळाली की दिलेल्या तारखेला हजर राहा. गैरहजेरी हेच पुढे अटकेचं कारण होतं. नुसती काच फुटली म्हणून फौजदारी गुन्हा होत नाही, त्याला नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते.

फलंदाजाला पुढे करून मोकळं व्हायचा विचार असेल तर सोडा. षटकार मारणं हा खेळाचाच भाग आहे. चेंडू बाहेर जाऊ नये याची व्यवस्था कोणी करायची होती, हा प्रश्न आयोजकांना विचारला जातो. समोरचे वकील कदाचित इंग्लंडचे निवाडे दाखवतील, ते ठाऊक असू द्या. १९५१ च्या बोल्टन विरुद्ध स्टोन खटल्यात मैदानाबाहेर उभ्या बाईंना चेंडू लागला, तरी क्लब सुटला, कारण जवळपास ३० वर्षांत जेमतेम ६ चेंडू तसे बाहेर गेले होते. १९७७ च्या मिलर विरुद्ध जॅक्सनमध्ये कुंपण उंच करूनही दर मोसमात चेंडू घरांकडे जातच होते. तिथे क्लबचा हलगर्जीपणा सिद्ध झाला आणि ४०० पौंड भरपाई द्यावी लागली, खेळावर मनाई मात्र मिळाली नाही. आपल्या न्यायालयांवर हे निवाडे बंधनकारक नाहीत, आणि मनाई नाकारण्याच्या त्या भूमिकेपासून इंग्लंडमधलं न्यायालयच १९८० मध्ये दूर गेलं. पण मोजणी त्याच दिशेने होते : तुमच्या मैदानावरून सोसायटीत किती चेंडू जातात? आधी तक्रार आली होती का? व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी 'काका पुन्हा ओरडले' असं लिहिलेलं असेल तर धोक्याची जाणीव होती, असा त्याचा अर्थ लावला जाईल. म्हणून ग्रुपवरचे मेसेज किंवा मॅचचा व्हिडिओ पुसू नका. पुराव्यासाठी लागू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळाच गुन्हा आहे. तो व्हिडिओ कदाचित तुमच्याच कामाचा निघेल.

क्लब नोंदलेला नसल्याने कायद्याच्या नजरेत क्लब नावाची व्यक्तीच नाही. दिवाणी दावा येईल तो ज्यांनी मॅच ठरवली, वर्गणी घेतली, दिवे लावले त्यांच्यावर, म्हणजे तुमच्यावर आणि कार्यकारिणीवर. वर्षभर नुसता खेळायला येणारा पोरगा सहसा यात अडकत नाही.

आता रक्कम. गाडीचा विमा फर्स्ट पार्टी (स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा) आहे का, हे पहिल्या पत्रातच विचारा. काचेवर घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) कापला जात नाही, मालकाच्या खिशातून जातात ते सक्तीच्या वजावटीचे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये त्याने स्वतः सोसायचे पैसे : १५०० सीसीपर्यंत १ हजार, त्यावर २ हजार. शिवाय नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला असेल तर तेवढं नुकसान. क्लेम आधीच मिळाला असेल तर काचेचे पूर्ण पैसे त्यांना पुन्हा मागता येत नाहीत, मात्र विमा कंपनी ते तुमच्याकडे मागू शकते. वडिलांच्या बाबतीत दवाखान्याची बिलं आणि वेदनेची वाजवी भरपाई हा खरा हक्क आहे, तिथे घासाघीस करू नका. गाडीमालकाचा 'मानसिक त्रास' मात्र अंकांत सिद्ध करायला लावा.

नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. उत्तर दिलंच पाहिजे असा कायदा नाही, पण गप्प बसलं की कोर्टात तेच तुमच्या विरोधात दाखवतात. घटना मान्य, बेफिकिरी अमान्य, बिलांच्या प्रती आणि एक्स-रेचा अहवाल द्यावा, एवढंच लिहा. पैशांचा प्रस्ताव त्यात घालू नका. तो वेगळ्या पत्रात द्या, आणि 'हक्क अबाधित ठेवून, पुरावा म्हणून वापरायचा नाही या अटीवर' असं ठळक लिहा. साक्ष अधिनियमाच्या कलम २१ मुळे अशा पत्रातली कबुली दिवाणी दाव्यात वापरता येत नाही. फौजदारीत हे कवच नाही, म्हणून त्यातही 'आमची चूक झाली' असं लिहायचं नाही.

खेळ बंद पाडायला ते तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करतील आणि तुमचं म्हणणं ऐकण्याआधीच हुकूम मिळवायचा प्रयत्न होईल. त्यासाठी नाशिकच्या दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा आगाऊ अर्ज, दाखल करा, तुमच्या आणि कार्यकारिणीच्या नावाने, क्लबच्या नावाने नव्हे. तिची नोटीस गाडीमालकाला रजिस्टर पोस्टाने जायला हवी. ती ९० दिवस चालते, नंतर नवी द्यावी लागते.

कॅव्हेटने सुनावणी मिळते, पण त्या सुनावणीत दाखवायला तुमच्याकडे कागद काहीच नाहीत. तोंडी परवानगी म्हणजे परवानगी नाहीच, माजी नगरसेवकांची तर मुळीच नाही. महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात मैदान वापराचा अर्ज करून पोच घ्या. समालोचनाचा लाऊडस्पीकर असेल तर पोलिसांची लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर तो बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, जोरात लावलेला एक स्पीकर ती सहज ओलांडतो. दिव्यांना वीज कुठून घेता, हे मी विचारत नाही. पथदिव्याच्या खांबावरून आकडा असेल तर आजच काढा. विद्युत कायद्याच्या कलम १३५ खाली ती वीजचोरी आहे, आणि तपासात ती बाहेर आली की तुमची चांगली बाजूही मातीत जाते. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या.

मैदानावर तातडीने या गोष्टी करा. सीझन बॉल बंद : त्याचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, साध्या टेनिस बॉलचं ५६ ते ५९. सोसायटीकडच्या बाजूला उंच जाळी लावा आणि पिच असं फिरवा की लेग साइड इमारतीकडे येणार नाही. 'बिल्डिंगला लागला तर आऊट' हा गल्लीतला नियम लेखी करून ठेवा. सूर्य मावळल्यावर आणि दिवे पूर्ण तेजाने लागण्यापूर्वी खेळ थांबवा. त्या धूसर उजेडात रस्त्याने जाणाऱ्याला येणारा चेंडू दिसत नाही, आणि खेळाडूने पत्करलेला धोका त्याने पत्करलेला नसतो. प्रत्येक बदलाचे तारखेसह फोटो ठेवा.

तडजोड झाली तर सही गाडीमालकाबरोबर वडिलांचीही घ्या. दुखापतीची भरपाई हा त्यांचा स्वतंत्र हक्क आहे, मुलाने सही केली म्हणून तो संपत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून नेऊन लोकअदालतीत नोंदवलंत तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखा अंतिम होतो, त्यावर अपील नाही. गुन्हा आधीच नोंदला गेला असेल तर ठाण्यात 'तक्रार मागे' असं लिहून देऊन तो मिटत नाही, त्यासाठी वडिलांना न्यायालयात तडजोडीचा अर्ज करावा लागेल. म्हणून शेवटचा हप्ता तो अर्ज दाखल झाल्यावरच द्या.