ग्रह किती मोठा काढायचा?

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली कव्हरं पाहिली. हात तयार आहे, रंगांची जाण आहे, आणि जुन्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांचा तुला किती नाद आहे तेही लपत नाही. पण सहापैकी पाच कव्हरांवर आकाशात अवाढव्य ग्रह, त्याला कडी आणि खाली पाठमोरा माणूस. तो ग्रह कुठला, माणूस कुठे उभा आहे, सूर्य कुठल्या बाजूला आहे, यातलं काहीच ठरवलेलं नाही. म्हणून चित्रं देखणी झाली आहेत, पण अचंबा वाटत नाही. विज्ञानकथेच्या चित्रात अशक्य गोष्ट एकच असू दे. बाकी सगळं मोजून काढ.

अवकाशाची चित्रं काढणाऱ्या चेस्ली बोनस्टेलचं उदाहरण घे. जन्म 1888चा, शिक्षण वास्तुकलेचं, पुढे हॉलिवूडमध्ये मॅट पेंटिंगचं, म्हणजे सिनेमातली पार्श्वभूमी रंगवण्याचं काम. 29 मे 1944च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याची शनीची चित्रं आली. कल्पना साधी होती: शनी त्याच्या वेगवेगळ्या उपग्रहांवरून कसा दिसेल? त्यातलं टायटनवरचं चित्र सगळ्यात गाजलं. आज आपल्याला माहीत आहे की टायटनवर दाट नारिंगी धुरकं आहे. 14 जानेवारी 2005ला हायगेन्स यान तिथे उतरलं तेव्हा खालून निळं आकाश आणि स्वच्छ शनी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे विज्ञान म्हणून चित्र चुकलं. तरी ते टिकलं, कारण त्यातला आकार, कोन आणि उजेड हिशोबाने काढलेला आहे, आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला तो हिशोब कळतो, गणित येत नसलं तरी.

हा हिशोब अवघड नाही. ग्रहाचा व्यास भागिले अंतर, गुणिले 57.3, उत्तर अंशांत येतं. शनीचा व्यास सुमारे 1,20,500 किमी, टायटनपासूनचं अंतर सुमारे 12,22,000 किमी, म्हणजे साधारण 5.6 अंश. आपला चंद्र अर्धा अंश, म्हणजे टायटनवरून शनी चंद्राच्या अकरापट. गुरू त्याच्या आयो या उपग्रहावरून जवळजवळ 19.5 अंश दिसतो.

आता हे अंश कागदावर आण. डेमी आकाराचं पुस्तक साधारण 14 सें.मी. रुंद. त्या रुंदीत 40 अंशांचा देखावा बसवलास, तर मधल्या भागात एक अंश म्हणजे सुमारे 3.4 मि.मी. गुरू साडेसहा सेंटिमीटरचा होईल, शनी जेमतेम 2 सेंटिमीटरचा, आणि आपला चंद्र पावणेदोन मिलिमीटरचा. तुझ्या कव्हरवर शनी 8 सेंटिमीटरचा आहे. तो चूक आहे असं मी म्हणत नाही. फक्त तो तेवढा दिसायला देखावा 10 अंशांचा, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लांब लेन्सचा हवा. आणि लेन्स बदलली की खालचंही सगळं बदलतं. 40 अंशांत दीड सेंटिमीटर उंचीचा माणूस 22 मीटरवर उभा असतो. 10 अंशांत तोच माणूस 90 मीटरवर जातो. क्षितिज खालच्या कडेपासून 6 सेंटिमीटरवर धरलंस, तर उभ्या माणसाच्या नजरेने कव्हरच्या तळाची जमीनसुद्धा वीसेक मीटर लांब असते. तुझ्या चित्रात मात्र तळाशी खडे मोजता येतात आणि बुटाचे ठसे दिसतात. वर दुर्बिणीतून पाहायचं आणि खाली पायाशी पाहायचं, असं एका चौकटीत चालत नाही. बघणाऱ्याला ‘चिकटवल्यासारखं’ वाटतं ते याचमुळे.

कड्यांचंही तसंच. शनीचे बहुतेक मोठे उपग्रह कड्यांच्याच पातळीत फिरतात, त्यामुळे टायटनवरून किंवा ऱ्हीयावरून कडी कायम काठावरून, एका बारीक रेघेसारखी दिसणार. ताटासारखी उघडी कडी हवी असतील तर माणसाला आयापेटस या उपग्रहावर उभा कर. त्याची कक्षा सुमारे 15 अंश कललेली आहे. पण तिथून शनी दोनच अंशांचा. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं, आणि या ओढाताणीतूनच चांगली रचना सुचते. रेघेसारखी कडी कंटाळवाणी वाटते म्हणशील, तर त्यांची शनीवर पडणारी सावली काढ. ती कधी रुंद, कधी अरुंद असते, आणि एका काळ्या पट्ट्यात सूर्य कुठे आहे ते सांगून टाकते.

उजेडाबद्दल थोडक्यात, पण हे पाठ कर. ग्रहाची उजळ कड नेहमी सूर्याकडे. जमिनीवरच्या सावल्या त्याच सूर्याच्या. चंद्रकोरीच्या अंधाऱ्या भागात तारा कधीही नाही. तो भाग पोकळ नसतो. हवा नसेल तर लांबचा डोंगर निळसर किंवा फिका करायचा नाही. अंतर दाखवायला एकामागे एक झाकले जाणारे आकार आणि दाट होत जाणारा बारीक तपशील, एवढीच साधनं उरतात. चंद्रावर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम 2.4 किमीवर दिसतं, पृथ्वीवर साडेचार. ते जवळचं क्षितिज काढलंस की जग लहान आहे हे आपोआप कळतं. आणि उन्हातली जमीन लख्ख दाखवणार असशील, तर आकाशात तारे नकोत. प्रकाशकांना तारे हवेच असतात. मग जमीन अंधारात ने, ग्रहाच्या परावर्तित उजेडात. तिथे तारे काढायला तू मोकळा.

यानांकडे वळू. ख्रिस फॉसची 1970च्या दशकातली ब्रिटिश पेपरबॅक कव्हरं तुला आवडतात, आणि तुझी यानं त्याच घराण्यातली आहेत. पट्टे, आकडे, ठिगळं सगळं घेतलंस, खिडकी मात्र विसरलास. यानाचं माप खिडकी सांगते. एका मजल्याची उंची 3 मीटर धर. मजला कागदावर 0.3 मि.मी. काढलास, तर 6 सेंटिमीटरचं यान 600 मीटर लांबीचं होतं. तोच मजला दीड मिलिमीटर केलास, की तेच यान 120 मीटरवर येतं. तुझ्या तिसऱ्या कव्हरावर पुढच्या टोकाला एक माप आणि शेपटीला दुसरं आहे, म्हणून ते खेळणं वाटतं. दुसरं म्हणजे तपशील सगळीकडे सारखा पेरू नकोस. तीन मापांचे आकार ठेव: दोन-चार मोठे, दहा-बारा मधले, आणि बारीकसारीक एकाच कोपऱ्यात गच्च. निम्म्याहून जास्त पृष्ठभाग रिकामा राहू दे. यानं रंगवणाऱ्या जॉन बर्कीची चित्रं मोठ्या आकारात मिळाली तर अगदी जवळून बघ. लांबून खिडक्या-पाइप वाटतात ते जवळून नुसते जाड, तुटक फटकारे निघतात. उजेड कुठे पडतो ते पक्कं असल्यामुळे त्याला यंत्र काढावंच लागत नाही.

फॉसची यानं बऱ्याचदा कथेत नसतच, हेही लक्षात ठेव. तेव्हा ते खपून गेलं, कारण स्टॉलवर लांबून ओळख पटणं महत्त्वाचं होतं. मराठीत विज्ञानकथांचे वाचक मोजके आणि चिकित्सक. कथेत नसलेलं यान कव्हरवर दिसलं की पत्र येतं. आणि मराठी विज्ञानकथा बऱ्याचदा यानाची नसतेच; एका शास्त्रज्ञाच्या घरातली, प्रयोगशाळेतली, एखाद्या गावातली असते. तिथे चित्रकार रिचर्ड पॉवर्सकडे बघ. 1953पासून बॅलंटाइन या प्रकाशनाच्या पेपरबॅकवर त्याने जवळजवळ अमूर्त, अतिवास्तववादी आकार आणले. लिओ आणि डायान डिलन या जोडप्याकडेही बघ; त्यांनी विज्ञानकथेचा 1971चा ह्यूगो पुरस्कार मिळवला तो यंत्रांच्या नव्हे, आकृतिबंधांच्या जोरावर. हस्तलिखित वाचताना वहीत तीनच गोष्टी टिपून ठेव: कथेतली एकमेव अशक्य गोष्ट, ती कोणत्या उजेडात घडते, आणि तिच्या शेजारी रोजची वस्तू कोणती. पहिली आणि तिसरी एका चौकटीत आणलीस की बहुतेक वेळा कव्हर हाती लागतं. वाड्याच्या अंगणात उतरलेली उडती तबकडी नको. अंगणातल्या वाळवणावर दोन दिशांना पडलेल्या सावल्या चालतील.

कच्ची रेखाटनं साडेतीन बाय साडेपाच सेंटिमीटरची कर, वीसेक तरी, फक्त तीन करड्या छटांत. त्यात वाचता येत नाही ते ऑनलाइन दुकानातल्या चिमुकल्या चित्रातही वाचता येणार नाही. अक्षरांची जागा पहिल्या रेखाटनापासून राख. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार लागतात. दोन ओळींचं शीर्षक असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. म्हणून वरचा तिसरा हिस्सा शांत ठेव, आणि ‘शांत’ म्हणजे तारेही विरळ. शिरोरेषेला चिकटलेला तारा अनुस्वार वाचला जातो. तुझ्या चौथ्या कव्हरावर असा एक आहे, शोध.

हाताने ताऱ्यांचं आकाश करायचं असेल तर पार्श्वभूमी अ‍ॅक्रिलिकने घे. पोस्टर कलरवर पुन्हा ओला ब्रश फिरला की खालचा थर उचलला जातो आणि काळ्याचा राखाडी होतो. शिवाय पोस्टर कलर वाळल्यावर गडद रंग थोडे उजळतात आणि फिके थोडे गडद होतात; छटा आधी कडेच्या पट्टीवर वाळवून बघ. ग्रहाच्या जागेवर जुन्या एक्सरे फिल्मचा कापलेला गोल ठेव. पांढरा पोस्टर कलर दुधाइतका पातळ कर, जुन्या टूथब्रशला लाव, पहिले फटकारे रद्दी कागदावर मार आणि मग चित्रावर. तीन वेळा मार: पातळ आणि लांबून, थोडं दाट आणि जवळून, आणि शेवटी मोजके पाच-सात तारे ब्रशने. थेंब पसरट आले तर रंगात पाणी जास्त आहे. एका रांगेत आले तर ब्रशवर रंग जास्त आहे.

छपाईत सगळ्यात जास्त घोळ निळ्याचा होतो. स्क्रीनवरचा झळाळता निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या सायन (निळी), मॅजेंटा (गुलाबी), पिवळी आणि काळी या चार शायांत, नाहीच. सायन 100 आणि मॅजेंटा 100 घेतलास की जांभळं आकाश छापून येतं. मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी खाली ठेव. अवकाशाचा काळा नुसत्या काळ्या शाईने करडा दिसतो, म्हणून सायन 60, मॅजेंटा 40, पिवळा 40, काळा 100. बेरीज 240, आर्ट कार्डवर 300च्या वर गेलास तर शाई वाळत नाही आणि मागच्या कागदाला लागते. या चार शायांच्या काळ्यातून बारीक पांढरी अक्षरं काढू नकोस. प्लेट केसभर सरकली तरी मात्रा बुजतात. ग्रहाच्या कडेला जाणाऱ्या मंद छटेत पायऱ्या पडतात, त्यावर एक-दोन टक्के नॉइज (बारीक दाणे) टाक. मॅट लॅमिनेशन काळ्याची खोली घालवतं आणि हात लागला की ठसे उठतात. गडद कव्हराला ग्लॉस बरं. प्रकाशक मॅटवर अडून बसला तर चित्र मुळातच थोडं उजळ दे.

फाइलचं माप असं काढ. 240 पानं म्हणजे 120 कागद. 70 जीएसएमचा (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागद साधारण 0.095 मि.मी. जाड, म्हणजे स्पाइन (पुस्तकाचा कणा) साडेअकरा मिलिमीटर. मलपृष्ठ 140, स्पाइन 11.5, मुखपृष्ठ 140, दोन्हीकडे 3-3 ब्लीड (कापणीत जाणारी जादा कड): रुंदी 297.5 मि.मी. उंची 216 अधिक 6, म्हणजे 222. 300 डीपीआयला सुमारे 3514 बाय 2622 पिक्सेल. कागदाची जाडी गिरणीगणिक बदलते, म्हणून छापखान्याकडून कोऱ्या पानांची डमी बांधून घे आणि स्पाइन स्वतः मोज. ग्रहाची कड स्पाइनच्या घडीवर येऊ देऊ नकोस. बांधणी एक मिलिमीटर सरकली तरी डोळ्यात खुपतं.

नासाची छायाचित्रं संदर्भाला घेतोस ते ठीक. ती सहसा कॉपीराइटमुक्त असतात, फक्त श्रेय दे आणि त्यांचं बोधचिन्ह वापरू नकोस. पण हबल दुर्बिणीचं छायाचित्र जसंच्या तसं कव्हरवर टाकू नकोस. तेच छायाचित्र दुसऱ्या कुणाच्या कव्हरवरही असणार.

शेवटचं, पैशाचं. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957च्या कलम 17नुसार, कुणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हक्काचा पहिला मालक तो काढून घेणारा ठरतो, चित्रकार नाही. पुष्कळ जणांना हे पहिलं पोस्टर छापून आल्यावर कळतं. त्यामुळे काम सुरू करण्याआधी, आगाऊ रकमेसोबतच, ई-मेलवर लिहून घे: कॉपीराइट चित्रकाराकडे, वापराची परवानगी फक्त या पुस्तकाच्या मराठी आवृत्तीच्या छापील आणि ई-बुक कव्हरसाठी, अनुवाद, पोस्टर, टी-शर्ट यांचे पैसे वेगळे, मूळ चित्र छपाईनंतर 30 दिवसांत परत, किती दुरुस्त्या मोफत, तो आकडा, आणि चित्रकाराचं नाव श्रेयपानावर. समोरून ‘हो’ असं उत्तर आलं की मग ब्रश ओला कर.

तुझा,
एक जुना कव्हरवाला