परत एकदा "अ‍ॅमो संपणार": पाच हजार राउंड घेऊन ठेवू का, याचं जरा लांब उत्तर

तुझा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, तुझ्यावर नाही रे, तुला जे सांगितलंय त्यावर. नुकतं ग्रीन कार्ड आलंय, पहिलं नाइन एमएम पिस्तूल घेतलंय, आणि शूटिंग रेंजवरच्या एका काकांनी तुला सांगितलं की सरकारने सगळं अ‍ॅमो (म्हणजे गोळ्या) उचललंय, फॅक्टऱ्या आता साध्या माणसाला माल देणार नाहीत, तेव्हा आजच कार्ड काढ आणि पाच हजार राउंड, म्हणजे तेवढ्या गोळ्या, घरात आणून टाक. मी टेक्ससमध्ये आल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. फक्त व्हाइट हाऊसमधला माणूस बदलतो, कधीकधी तोही बदलत नाही.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर पाच हजार घेऊ नकोस. लांब उत्तर हवं असेल तर चहा घेऊन बस.

मी पहिली ट्वेंटी टू (छोट्या, स्वस्त गोळीची) रायफल घेतली २०१२ मध्ये. त्याच सुमाराला ती सगळ्यात गाजलेली अफवा फिरत होती, होमलँड सिक्युरिटी (अमेरिकेचं अंतर्गत सुरक्षेचं खातं) १.६ अब्ज राउंड विकत घेतंय, म्हणजे सरकार लोकांवर गोळ्या चालवायची तयारी करतंय, किंवा मग बाजारातला माल संपवून गनवाल्यांना उपाशी मारतंय, ऐकणाऱ्याने आपापल्या आवडीचं घ्यावं. आता यातली गंमत बघ. कागद खरा होता. मार्च २०१२ मध्ये एटीके कंपनीला पॉइंट फोर्टीच्या गोळ्यांचं कंत्राट मिळालं होतं, ४५ कोटी राउंडपर्यंत, पाच वर्षांत. सगळा जीव त्या "पर्यंत" या शब्दात आहे. सरकार भाव ठरवून ठेवतं आणि लागेल तसा माल उचलतं, न लागला तर उचलत नाही. रेंजवर पोचेपर्यंत "पर्यंत" गळून पडलं, "पाच वर्षांत" पण गळून पडलं, आणि बाकीची कंत्राटं जोडून आकडा झाला १.६ अब्ज. नंतर संसदेच्या हिशेबतपासनिसांनी, म्हणजे गाओने, २०१४ च्या सुरुवातीला रिपोर्ट दिला की २००९ नंतर होमलँडची खरेदी उलट कमी होत आलीये आणि २०१३ च्या आर्थिक वर्षात त्यांनी घेतले ८ कोटी ४० लाख राउंड. ऐकायला प्रचंड वाटतं. पण त्या खात्यात बंदूक बाळगणारे लोक ७० हजारांच्या वर आहेत, बॉर्डर पेट्रोल धरून, भागाकार कर, माणशी बाराशेच्या आत येतात वर्षाला. मी एकटा त्यापेक्षा जास्त उडवतो.

हवामान खात्याने ४६ हजार हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळ्या) मागवले अशी पण एक आवृत्ती होती, ती माझी सगळ्यात लाडकी. ती ऑर्डर मासेमारीचे कायदे बघणाऱ्या अधिकाऱ्यांची होती, दोन्ही खाती एकाच छत्राखाली येतात म्हणून कागदावर नाव चुकीचं पडलं. पण "वेधशाळेला गोळ्या कशाला?" हा प्रश्न इतका चवदार आहे की दुरुस्ती कोण वाचतंय.

मग डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुकच्या शाळेत तो गोळीबार झाला, कायदे कडक होणार असं वातावरण झालं, आणि ट्वेंटी टू गायब. म्हणजे खरंच गायब. वीस डॉलरच्या आसपास मिळणारी पाचशेची ब्रिक लोक पार्किंग लॉटमध्ये पन्नास-साठला विकायला लागले. इथल्या एका मोठ्या दुकानात सकाळी सात वाजता माल लावायचे, मी ऑफिसच्या आधी पावणेसहाला जाऊन उभा राहायचो, पुढे ठरलेले पाच-सहा रिटायर्ड आजोबा फोल्डिंग खुर्च्या आणि थर्मास घेऊन बसलेले, ट्रक कधी येतो हे त्यांना दुकानाच्या मॅनेजरपेक्षा जास्त माहीत. माणशी तीन बॉक्स. रांगेत दुसरा विषयच नाही, होमलँडने नेलं, ओबामाने बंद केलं, अमुक फॅक्टरीत माझ्या मेव्हण्याचा मित्र आहे तो सांगत होता. आणि हे सगळं बोलणारे आम्हीच दुकान उघडलं की दोन मिनिटांत शेल्फ साफ करायचो! माल येत होता रे, रोज येत होता. आम्हीच खात होतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल. २०१४ येईपर्यंत माझ्याकडे अकरा ब्रिक जमल्या होत्या, साडेपाच हजार राउंड, आणि त्या वर्षी मी रायफल आधीपेक्षा निम्मी पण चालवली नाही. का, तर "मिळत नाहीये, जपून वापर". आता माझ्यासारखे लाखो लोक धर प्रत्येकी दहा ब्रिक कपाटात टाकून बसलेले, आणि विचार कर की कुठली फॅक्टरी ते भरून काढणार. ट्वेंटी टूचं मशीन वेगळं असतं, त्यावर नाइन एमएम निघत नाही, नफा पैशांत मोजायचा, तीन शिफ्ट चालू असतात. नवीन लाइन टाकायला कंपनी कचरते कारण त्यांना ठाऊक असतं की घाबरलेलं गिऱ्हाईक दीड-दोन वर्षांनी गप्प होतं आणि मग त्या मशीनवर धूळ बसते.

नोटाबंदीच्या आठवड्यात मीठ संपणार म्हणून उठलेली आवई आठवतेय ना, नोव्हेंबर २०१६? सातशे किलोमीटरच्या वर समुद्रकिनारा असलेल्या आपल्या राज्यात लोक मिठाच्या पिशव्या उचलत होते. आईने फोनवर सांगितलं की तिने चार घेतल्या. मी तिला हसलो नाही, मला हसायचा अधिकारच नव्हता, गॅरेजमध्ये अकरा ब्रिक होत्या.

आता दुसरी बाजू, कारण "सगळ्या अफवाच असतात" म्हणणारा पण तोंडावर पडतो. यातल्या बहुतेक अफवांच्या पोटात एक खरा कागद असतो. २००९ मध्ये लष्कराच्या वापरलेल्या पुंगळ्या (गोळी उडाल्यावर उरणाऱ्या पितळी नळ्या) चेचूनच विकायच्या असा आदेश खरंच निघाला होता, रीलोडिंगवाल्यांचा (जुन्या पुंगळ्या घरी परत भरणाऱ्यांचा) मोठा स्रोत बंद झाला असता, दोन सिनेटरांनी आवाज केला आणि काही दिवसांत तो मागे घेतला. पण पुढची कित्येक वर्षं लोक "ओबामाने ब्रास बंद केलं" सांगत राहिले. २०१५ मध्ये एटीएफने, म्हणजे बंदुकांचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्याने, एम८५५ ग्रीन टिप या रायफलच्या गोळीवर बंदीचा प्रस्ताव आणला, तोही खरा, ८० हजारांवर लोकांनी हरकती पाठवल्या आणि मार्चमध्ये प्रस्ताव गुंडाळला, मधल्या तीन-चार आठवड्यांत मात्र बंदी "लागलीच" असं समजून लोकांनी वाट्टेल त्या भावाला घेतलं. मिसूरीतल्या हर्क्युलेनियमची शिसं गाळायची भट्टी २०१३ च्या शेवटी बंद झाली, देशातली खनिजापासून शिसं काढणारी शेवटची भट्टी, १८९२ पासूनची. झालं, "मागच्या दाराने गन कंट्रोल, आता गोळ्यांना शिसंच नाही." खरं काय, तर गोळ्यांचं शिसं बहुतेक जुन्या बॅटऱ्या वितळवून येतं, सिएरासारख्या बुलेटवाल्यांनी तेव्हाच जाहीर सांगितलं की आम्ही रिसायकल केलेलंच वापरतो, आम्हाला काही फरक पडत नाही. आणि त्या गावातल्या पोरांच्या रक्तात शिसं सापडत होतं हे मात्र आमच्या रांगेत कोणी एकदाही बोललं नाही.

२०२० ची टंचाई खरी होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. एफबीआयचे बॅकग्राउंड चेक (गन घेताना होणारी तपासणी) २०१९ मध्ये २ कोटी ८४ लाख झाले होते, २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाख. कोविड, दंगली, निवडणूक, सगळं एकत्र. त्यात रेमिंग्टनने जुलैमध्ये दिवाळं जाहीर केलं, त्यांचा आर्कान्सामधला अ‍ॅमोचा कारखाना अडकला, नंतर व्हिस्टा नावाच्या कंपनीने घेतला. तेव्हाची अफवा उलटी होती बघ, सरकार नाही तर कंपन्याच माल गोदामात लपवतायत म्हणे. शेवटी फेडरल या गोळ्यांच्या कंपनीचा प्रेसिडेंट जेसन व्हँडरब्रिंक वैतागून व्हिडिओवर आला आणि साधा हिशेब मांडला, ७० लाख नवीन गनवाले धरा, प्रत्येकाने पन्नासचे फक्त दोन बॉक्स घेतले तरी ७० कोटी राउंड होतात. दोनच बॉक्स! तू पाच हजार म्हणजे शंभर बॉक्स घ्यायला निघालायस.

खरी अडचण कुठे होते ते रीलोडिंग करणाऱ्याला विचार. प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टिकली. पितळ मिळतं, शिसं मिळतं, पण प्रायमर बनवणारे देशात मोठे म्हणावे असे चारच, फेडरल, सीसीआय, विंचेस्टर, रेमिंग्टन, आणि ते स्फोटक काम असल्यामुळे कोणीही उठून शेड टाकून चालू करू शकत नाही. टंचाईत ते आपले प्रायमर आधी स्वतःच्या गोळ्यांत घालणार, आम्हाला उरलंसुरलं. म्हणून "प्रायमर मुद्दाम विकत नाहीत" ही तक्रार अर्धी खरी असते, पण त्यात कट नाही, धंदा आहे. हल्ली पावडरचं (बारुदाचं) तसंच झालंय, युक्रेनच्या लढाईपासून तोफगोळ्यांना ती ज्यापासून होते ते नायट्रोसेल्युलोज लागतंय, २०२३ च्या शेवटी कंपन्यांनी दरवाढीची पत्रं काढली ती त्यावरच बोट ठेवून. म्हणजे भाव थोडा चढणं हे खरं कारण असलेलं प्रकरण आहे. भाव चढणं वेगळं आणि "जानेवारीपासून बंद" वेगळं.

आणि २०२१ ची रशियन मालावरची बंदी, तीही खरी, रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगाबद्दलचे निर्बंध, ७ सप्टेंबरपासून नवीन आयात परमिट बंद. पण "नवीन" हा शब्द परत गळाला. जुन्या परमिटवरचा माल पुढे बराच काळ येत राहिला, आणि माझा एक मित्र पहिल्याच वीकेंडला एके रायफलच्या स्टील केसच्या गोळ्या जवळपास दुप्पट भावाने घेऊन बसला. मी त्याला काय बोलणार, मी त्याच वर्षी जानेवारीत नाइन एमएम राउंडला ८० सेंट देऊन आलो होतो, वर्षभरापूर्वी वीसच्या आत मिळत होतं. तो बॉक्स अजून आहे, उघडायला जिवावर येतं.

तर मी आता काय करतो. कोणी काही सांगितलं की आधी विचारतो, कागद कुठला? प्रस्ताव, आदेश की नुसती मुलाखत? तारीख काय, आणि "पर्यंत", "नवीन" असा शब्द कुठे खाल्लाय का. मग घरी येऊन दोन-चार ऑनलाइन दुकानांचे भाव बघतो. तीन महिन्यांपूर्वी होता तोच भाव असेल आणि "इन स्टॉक" दिसत असेल तर फॅक्टऱ्या बंद होत असल्याची बातमी त्या दुकानदारांना अजून कळलेली नाही म्हणायची. सांगणारा स्वतः विकणारा असेल तर अजून जरा थांबतो. काउंटरवरच्या पोरांना कमिशन असेल-नसेल, पण "घेऊन ठेवा, परत येईल का माहीत नाही" हे वाक्य लक्ष्मी रोडवरच्या साडीवाल्याकडून आपण लहानपणापासून ऐकतोय.

तुझा हिशेब: महिन्यातनं दोनदा रेंज, दर वेळी शंभर, म्हणजे वर्षाला चोवीसशे. हजारची एक पेटी घे, संपत आली की दुसरी घे. घरासाठी हॉलो पॉइंटचे चार बॉक्स, पण आधी एक तुझ्या पिस्तुलात चालवून बघ, अडकत नाही ना. हजार राउंडचं वजन साधारण बारा किलो भरतं, पाच हजार म्हणजे साठ किलो, आणि तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस असं लिहिलंयस. ठेवायचं घरात, कोरड्या कपाटात, कुलपात, टेक्ससच्या गॅरेजमध्ये नाही.

ता. क. एक गोष्ट कोणी सांगणार नाही म्हणून सांगतो. रेंजला नेतोस ती बॅग इंडिया ट्रिपला कधीही काढू नकोस. एक राउंड अस्तरात राहिला आणि मुंबईच्या एअरपोर्टवर स्कॅनरला दिसला तर आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होते, चुकून राहिला हे कोर्टात पटवायला वकील आणि तारखा. घरात जितका ढीग जास्त तितके असे सुटे राउंड सोफ्याखाली, गाडीत, खिशात सापडतात. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत एक ट्वेंटी टू निघाला होता, फ्लाइटच्या आदल्या रात्री, बायकोला सापडला.