वाचकांचे प्रश्न : शांत लेआऊट आणि राहती वस्ती

प्रश्न : आम्ही शेतकरी कुटुंब आहोत. मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावाबाहेरील नव्या लेआऊटमध्ये प्लॉट घेण्याचा विचार आहे. जागा अतिशय शांत आहे. पण आईवडिलांना तिथे करमेल का? कुटुंबासाठी वस्ती चांगली आहे, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : शांतता दोन प्रकारची असते. जिथे घरेच उभी राहिलेली नाहीत तिथली शांतता रात्री जाणवू लागते. रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यात गाजर गवत माजते, सापांचे भय वाढते आणि काळ्या मातीचा कच्चा रस्ता असेल तर शाळेचा ऑटोही आत येत नाही. याउलट, मुख्य रस्ता हाकेच्या अंतरावर असूनही ज्या वस्तीतून गावाची वाहतूक आरपार जात नाही, तिथे मुले रस्त्यावर सायकल शिकतात आणि त्यांच्याकडे चार घरांचे लक्ष असते. आपल्याला हवी आहे ती ही दुसरी शांतता, आणि ती दुपारी प्लॉट दाखवणाऱ्याबरोबर गेल्यास कळत नाही. संध्याकाळी दिवेलागणीला जावे, कोण बाहेर बसले आहे ते पाहावे आणि नळ किती दिवसांनी येतो हे तिथल्या बायकांना विचारावे. (मे महिन्यात गेलात तर कुलरची घरघर हिशेबात धरू नका, ती सगळ्या विदर्भात सारखीच.)

आज मुले ज्या मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट खेळतात, तो उद्या कुणाचे तरी घर होणार आहे. म्हणून मंजूर नकाशातील ओपन स्पेस प्रत्यक्षात कुठे आहे, हे चालत जाऊन पाहावे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या जागेच्या अभिन्यासात (म्हणजे लेआऊटमध्ये) सर्वसाधारणपणे १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. ती नाल्याच्या काठावरच्या उताराला ढकललेली असेल, तर मुलांना तिचा उपयोग नाही. जमीन अकृषक (बिगरशेती) झाली आहे का आणि अभिन्यास मंजूर आहे का, हे कागद वकिलाकडून तपासून घ्यावेत.

आईवडिलांचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गावात दारासमोरून जाणारा प्रत्येक जण थांबून बोलतो, हीच त्यांची करमणूक असते; नव्या घराला पुरुषभर उंच कंपाउंड आणि लोखंडी फाटक लावले की ती संपते. शेजारी राहते घर असलेला प्लॉट कोपऱ्यावरच्या एकट्या प्लॉटपेक्षा थोडा महाग पडला तरी घ्यावा, कंपाउंड बुटके ठेवावे आणि रस्त्याकडे रुंद ओटा बांधावा. प्लॉट पूर्वाभिमुख असल्यास दुपार कलताच घराची सावली ओट्यावर येते. पश्चिमाभिमुखच मिळाला, तर बांधकाम सुरू होण्यापूर्वीच पुढे कडुलिंब लावून घ्यावा, कारण त्याच्या सावलीला काही वर्षे लागतात.