डेकच्या कठड्याच्या दोन खांबांमध्ये ६९ इंच जागा आहे, गज किती बसवू? जिन्यालाही तोच हिशोब चालेल का?

न्यू जर्सीत घरच्या डेकला तुम्ही दीड इंची लाकडी गज स्वतः बसवताय आणि घरात रांगतं बाळ आहे, असं लिहिलंय. म्हणून आधी नियम: ४ इंच व्यासाचा गोळा दोन गजांमधून पार होता कामा नये. लहान मुलाचं अंग फटीतून निसटतं, पण डोकं अडकतं आणि मूल लटकतं. हा आकडा त्यासाठीच आहे.

हिशोब असा. ६९ मध्ये एका गजाची जाडी मिळवा, ७०.५ झाले. त्याला गाळा (दोन गजांमधली मोकळी जागा, जास्तीत जास्त ४) अधिक गज, म्हणजे ५.५ ने भागा. १२.८ येतात. नेहमी वरचाच पूर्णांक घ्यायचा, म्हणजे १३ गाळे, आणि गज त्याहून एक कमी, १२. गाळा पडतो ३.९२ इंच. कागदावर पास! तरी मी १३ गज बसवेन. प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाने औषध मुरवलेलं) लाकूड दुकानातून बऱ्याचदा ओलंच येतं. वाळलं की गज आकसतो आणि गाळा तेवढा रुंदावतो. १३ गजांत गाळा ३.५४ वर येतो. एका गजाचे पैसे वाचवून काय मिळणार? खुणा मात्र दर वेळी पहिल्या खांबापासूनच मोजा. गजापासून पुढचा गज मोजत गेलात तर सगळी बारीकसारीक चूक शेवटच्या गाळ्यात जमा होते.

जिन्याला थोडी सूट आहे: उघड्या बाजूच्या गजांत ४ ३/८ इंचांपर्यंत चालतं. पायरी, तिची उभी बाजू आणि कठड्याची खालची पट्टी यांच्यातल्या त्रिकोणातून ६ इंचांचा गोळा जाता कामा नये. गाळा आडवा मोजायचा, उतारावर नाही. पायरी १० इंच रुंद आणि साडेसात उंच असेल तर उतार साडेबारा इंच भरतो. एका पायरीला दोन गज घ्या: आडवं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ५ इंच, पट्टीवर खूण मात्र ६.२५ इंचांवर. गाळा उरतो साडेतीन.

गजांऐवजी आडव्या केबलची, म्हणजे ताणलेल्या तारांची, हल्ली फॅशन आहे. नियमात बसतात, पण आज रांगणारं बाळ उद्या त्यावर शिडीसारखं चढेल, म्हणून तुमच्या घरी उभेच गज बरे. डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा सक्तीचा आहे, किमान ३६ इंच उंचीचा. लाकूड कापण्याआधी टाउनच्या बांधकाम खात्यात परमिटचं विचारून घ्या.