सीझनचे पैसे आणि म्हातारपणची पेन्शन

प्रश्न: मी 35 वर्षांचा, कूलर-एसी रिपेअरिंग करतो. आधी हिंगणा एमआयडीसीत 7 वर्षं नोकरी होती, तेव्हा पीएफ कटायचा. आता धंदा आपला, तर पीएफ मी स्वतःच भरू शकतो का? अन् जुना काढून टाकू का, मित्र म्हणतात पडून राहून काय उपयोग.
– मानेवाडा, नागपूर

उत्तर: भाऊ, पीएफ स्वतःहून भरता येत नाही, त्यात मालकाचाही हिस्सा लागतो आणि आता मालक तुम्हीच. पण जुना काढायची घाई नका करू. पडून नाहीये तो, तुम्ही 58 चे होईपर्यंत त्यावर व्याज चढत राहतं. त्यातल्या पेन्शनच्या भागासाठी 10 वर्षं सर्व्हिस लागते, तुमची 7 झाली, म्हणून फॉर्म 10सी भरा, पण त्यात पैसे न मागता स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सर्व्हिसचा दाखला) मागा, पुढे कधी नोकरी धरली तर ती 7 वर्षं जोडून धरतात.

आता नवीन काय भरायचं. तुम्ही इन्कम टॅक्स भरत नसाल तर बँकेत अटल पेन्शन सुरू करा, पण 40 च्या आत, नंतर घेत नाहीत. 35 व्या वर्षी महिना 902 रुपये भरले तर साठीनंतर महिन्याला 5000, आणि तुमच्यानंतर बायकोला तेवढेच. खरं सांगू का, 25 वर्षांनी 5000 म्हणजे किराणा पण धड होणार नाही, पण हक्काचे आहेत.

तुमच्या धंद्यात खरी गंमत हप्त्याची आहे. एप्रिल-मे मधी कूलरच्या ताट्या (गवताचे पॅड) बदलायला, पंप टाकायला जेवायची फुरसत नसते अन् श्रावणात फोनच वाजत नाही, तेव्हा नेमका ऑटो-डेबिट येतो, खात्यात बॅलन्स नसतो आणि दंड बसतो, शंभरामागे महिन्याला 1 रुपया, वरून बँक आपला चार्ज लावते तो वेगळा. म्हणून हप्ता सहामाही घ्या, आणि मे च्या कमाईतूनच दोन्ही हप्त्यांचे पैसे त्या खात्यात टाकून ठेवा, एटीएम कार्ड वहिनींकडे द्या म्हणजे झालं. त्याउपर उरले तर एनपीएस, म्हणजे सरकारची राष्ट्रीय पेन्शन योजना, त्यात वर्षाला 1000 भरले की खातं चालू राहतं, बाकी हातात येतील तेव्हा.

आणि हो, गच्चीवर चढून काम करता ना, मग बँकेतून वर्षाला 20 रुपयेवाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा आजच घ्या, अपघाती मृत्यूला 2 लाख. तो दरवर्षी 31 मेला संपतो, रिन्यूअलला खात्यात 20 रुपये असू द्या.